डोक्यातील फेरपालट

॥ श्री वीतरागाय नमः ॥

मी, पार्श्वनाथ नेमाण्णा मगदूम, बी.कॉम., वय वर्षे त्रेपन्न, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघाचा मुख्य हिशेबनीस (सध्या सक्तीच्या रजेवर), माझा भाचा आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत मेंदूतील गाठींवर संशोधन करणारा चि. जिनदत्त यास तक्रार नोंदविण्याच्या हेतूने हे पत्र लिहीत आहे. तुला अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असावी, तुझ्या उंदरांचीही (ही सदिच्छा तुझ्या कामास मारक असल्यास रद्द समजावी). माझ्या प्रकृतीविषयी तू विचारतोसच, म्हणून सर्व प्रकरण क्रमाने मांडतो.

श्रावणात मला गोदामात बसल्या बसल्या काहीतरी जळत असल्याचा वास येऊ लागला, हे तुला ठाऊक आहे. निपाणीच्या तंबाखूच्या गोदामात जळका वास येतो, ही तक्रार कोणी मनावर घेत नाही. शिपाई देवाप्पा तर म्हणाला, "सायेब, तुमी बी विडी वडाय लागा, मंग कळायचं न्हाय कुटला वास ते." पुढे हाच वास बस्तीत दर्शनाच्या वेळी, आंघोळीच्या पाण्यात, आणि (सर्वांत अपमानास्पद म्हणजे) तुझ्या मामीच्या पुरणपोळीत येऊ लागला, तेव्हा मिरजेचे डॉक्टर आणि तुमच्या मुंबईचे ते नवे यंत्र हे सर्व ओघाने आले. डोक्यात डाव्या बाजूस हरभऱ्याएवढी गाठ निघाली. फोटोवर दाखविण्यासाठी डॉक्टरांनी पेन्सिलीचे टोक टेकवले, तर गाठ त्या टोकाखालीच झाकली गेली. ती वाढेल की तशीच बसून राहील हे फोटोवरून सांगता येत नाही, तुकडा काढून तपासला पाहिजे, असे ते म्हणाले.

यावर धीर देण्यासाठी तू जे पत्र धाडलेस, त्यातील शास्त्राविषयी माझी तक्रार नाही. गाठ केवळ स्वतःच्या बळावर वाढत नाही. सुरुवातीच्या काळात भोवतालच्या पेशी तिला दाबून ठेवतात किंवा खतपाणीही घालतात. जवळच्या रक्तवाहिन्या तिच्याकडे वळल्या तर ती फोफावते. तीच पेशी मेंदूत एका जागी निपचित पडते आणि दुसऱ्या जागी उच्छाद मांडते. आणि असे का होते ते अद्याप कुणालाच पुरते उमगलेले नाही. एवढे मला समजले होते. तू येथेच थांबायला हवे होतेस. परंतु घरच्यांना कळावे म्हणून तू बंबाखूचा दाखला दिलास. (तंबाखूच्या मुळावर पोसणारे ते उपटसुंभ तण मुंबईत राहूनही तू विसरला नाहीस, याचा घरात केवढा अभिमान!) बंबाखूचे बी जमिनीत वर्षानुवर्षे मेल्यासारखे पडून असते, तंबाखूचे मूळ जवळ आले की त्याच्या पाझराने जागे होते, म्हणजे बी एकटे काही करीत नाही, शेजार त्याला उठवतो, असे तू लिहिलेस. मी ते सर्वांसमोर मोठ्याने वाचले.

तुझे थोरले मामा, म्हणजे आमचे आप्पा, यांचा उभा जन्म अक्कोळच्या रानात बंबाखू उपटण्यात गेला आहे. ते ताडकन उठले. "आरं, मंग सोपं हाय की! बंबाखूला औशीद न्हाय. पीक बदलायचं. तीन हंगाम तंबाखू लावायचीच न्हाय, बी जाग्यावर कुजतंय. पारिसा, तुझ्या डोस्क्यात आजवर काय पिकवलंस?" मी म्हणालो, हिशेब. "झालं तर! हिशेब बंद."

त्या दिवसापासून या घरात अंकांना बंदी आहे. दिनदर्शिका भिंतीकडे तोंड करून टांगली आहे. आकाशवाणीवर बाजारभाव सुरू झाले की कोणीतरी धावत जाऊन कान पिळते (रेडिओचा, माझा अद्याप नाही). मनगटी घड्याळ आप्पांच्या कनवटीला आहे. वांगी काय भावाने आणली असे मी विचारले, तर तुझी मामी म्हणते, "लई न्हाय, थोडं न्हाय, बेतानं." बेळगावची गाडी किती वाजता, तर "येईल तवा येतीया." मोकळ्या रानात तण माजते, या न्यायाने माझ्या डोक्यात पर्यायी पिकेही घेतली जात आहेत. शेजारच्या मालुबाई मला जात्यावरच्या ओव्या शिकवितात (बी.कॉम.ला हा विषय नव्हता), आणि सकाळची धार काढण्याचे काम माझ्याकडे आहे. परवा म्हशीचे दुसरे सड आखडले आहे, एवढेच मी म्हणालो, तर मामी आतून ओरडली, "आप्पा, पळा की! ह्येनी मोजाय लागल्यात!" आप्पा हातातला कडबा टाकून धावत आले आणि त्यांनी मला म्हशीसमोर एक आख्खी ओवी म्हणावयास लावली. म्हैस त्या दिवशी पान्हावली नाही.

जिनदत्ता, तू हसत असशील. मला हसू येत नाही. सकाळी जाग आल्यावर मी श्वास घेण्यापूर्वी क्षणभर थांबतो, कारण वास आहे की नाही हे त्या श्वासात कळते. बहुधा असतो. ज्याने आयुष्यभर जमा आणि खर्च यांच्या खाली रेघ मारली, त्याच्या डोक्यात एक नोंद आहे, आणि ती कोणत्या बाजूस मांडावी हे कोणालाही सांगता येत नाही. या सर्व गोंधळात डॉक्टरांनी दिलेली तारीख टळली. आता त्यांनी येता सोमवार दिला आहे, आणि त्यानंतर उशीर करू नये असे बजावले आहे. तरी तू आप्पांना सणसणीत शब्दांत लिहावे, की दृष्टांत म्हणजे उपचार नव्हे आणि माणसाचे डोके म्हणजे अक्कोळचे रान नव्हे. कळावे.

तुझा मामा,
पार्श्वनाथ नेमाण्णा मगदूम

ता. क. पाकिटात घालण्यापूर्वी पत्र तपासले, तेव्हा एक उणीव आढळली. तारीख टळली असे लिहिले आहे. कोणी टाळली ते लिहिलेले नाही. डॉक्टरांचे बोलावणे आले त्याच दिवशी आप्पांनी नागोजीची जीप सांगून ठेवली होती. "फेरपालट गेली खड्ड्यात, आदी तुकडा काडून बगूया," असे ते म्हणाले. तीन हंगाम पुरे झाल्याखेरीज मी जाणार नाही, हा हट्ट माझा. आप्पांच्या शेतीशास्त्रावर एवढा विश्वास आजवर एकाही शिकलेल्या माणसाने ठेवला नव्हता. तरी ते गोठ्यात जाऊन रडले.

आणखी ता. क. डॉक्टर म्हणाले होते, की तुकडा काढताना भोवतालचे थोडे सोबत येऊ शकते, आणि त्या गाठीच्या शेजारून शब्दांची आणि आकड्यांची वाट जाते. बंबाखू उपटताना तंबाखूचे मूळ कसे हलते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्या शेजारात माझे नेमके काय काय आहे, ते तुझे उंदीर सांगू शकणार नाहीत. म्हणून आप्पांना काहीही लिहू नकोस. सोमवारी मिरजेला ये. जीप मीच पुन्हा सांगितली आहे. मी शुद्धीवर आलो की सर्वांच्या आधी तू आत ये आणि मला एकोणतीसचा पाढा विचार. चुकलो, तर बाहेर जाऊन बरोबर आला म्हणून सांग. मामीला तो येत नाही. आप्पांना येतो, पण ते बोलणार नाहीत.

(ताज्या कलमासही सही लागते, म्हणून पुन्हा.)

पार्श्वनाथ नेमाण्णा मगदूम
निपाणी, दि. १२ डिसेंबर १९८५ (तारीख मालुबाईंच्या घरी जाऊन पाहिली)