सीतारामरावांना नको असलेलं बटण

तंजावूर,
२५ जुलै १९९६

प्रिय अण्णा,

तुला नि वहिनींना हरिप्रियेचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. अप्पांचा गुडघा तेवढा कुरकुरतो. आडी महिना लागला, त्यामुळे गावात लग्नं नाहीत, नादस्वरवाले ओट्यावर बसून पेंगतात.

आडी सरल्यावर, आवणी महिन्यातल्या माझ्या लग्नाला रजा किती काढू, असं विचारलंस. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी सीतारामरावांचं ऐक. आणि पान उलटून शेवट पाहू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे!

सीतारामरावांचं कल्याण मंडपम्, ते लग्नाचं कार्यालय, तुला आठवतंच. मंडपाच्या तारखा नि बिलं कॉम्प्युटरवर आणायचं काम त्यांनी मला दिलं. माझं पहिलं गिऱ्हाईक. पण मागण्या तरी किती! बिलाच्या माथ्यावर पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, खूण हवी. पडद्यावर अक्षरं हळदीच्या रंगाची हवीत. राहुकाळात बिल निघता कामा नये. मी प्रत्येक मागणीला ‘बरं’ म्हटलं. एकच गोष्ट मी सुचवली, ठरलेली तारीख रद्द करायचं एक बटण. त्यांनी कानांवर हात ठेवले. “शिव शिव! मंगलकार्याच्या जागी तसला शब्द? आमच्या मंडपात ठरलेलं लग्न मोडत नाही, पोरी.” त्यालाही मी ‘बरं’च म्हटलं.

मग वैकाशी महिन्यातला एक शुक्रवार. लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाडाची बस दारात हॉर्न वाजवतेय आणि बिल काही निघेना. राहुकाळ लागला होता ना! मुलीचे वडील तापले, सीतारामरावांनी मला घरून बोलावून घेतलं. मी म्हटलं, “मामा, तुम्हीच मागितलं होतंत.”

“मी मागितलं गं, पण तू का दिलंस? मागणारा दहा गोष्टी मागेल. काय द्यायचं नि काय नाही, ते तू सांगायला नको?”

अय्यो, इतका राग आला मला! वर्षभर त्यांची मर्जी राखली, त्याचं हे फळ. पण घरी येताना वाटलं, म्हातारा खोटं काय बोलला? दुसऱ्या दिवशी गेले आणि म्हटलं, राहुकाळाचं काढून टाकते, पाहिजे तर घड्याळ बघून तुम्हीच थांबा. वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, “सरी, ठीक आहे. कॉफी घेणार?” नाही म्हणणं इतकं सोपं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, अण्णा.

आता तुझ्या मुरलीकृष्णाकडे येते. स्थळ तू आणलेलं, तुझा कॉलेजातला दोस्त, म्हणून लिहिताना हात अडतो. मुलगा वाईट नाही. पण त्याच्या आईचे मद्रासहून फोन सुरू झाले. मुहूर्ताची साडी त्यांच्या पसंतीची. बरं. लग्नात माझं नाव बदलून राजलक्ष्मी ठेवायचं. त्यालाही बरं. मग गेल्या आठवड्यात म्हणाल्या, लग्नानंतर कॉम्प्युटर बंद, आमच्यात सुनांनी गिऱ्हाइकांच्या दारी जायची पद्धत नाही.

‘बरं’ ओठांवर आलं होतं. तिथेच थांबले, फोन ठेवला आणि एसटीडी बूथवरून मुरलीकृष्णालाच लावला. म्हटलं, काम सोडणार नाही, नावही बदलणार नाही. तो म्हणाला, “पण अम्माला नाही म्हणून कोण सांगणार?”

“मी सांगते,” म्हटलं, “आणि मग लग्नालाही नाहीच सांगते.”

झालं, सांगून टाकलं तुला. आपली अम्मा दोन दिवस रुसून होती. अप्पा वर्तमानपत्रामागून म्हणाले, “बरं झालं. वांग्याचं सांबार कर आज.” मी तोंड धुवायच्या निमित्ताने मागे विहिरीवर जाऊन पोटभर रडले. आणि रडून झाल्यावर कडकडून भूक लागली!

काल मंडपात गेले. आवणीतली माझ्या लग्नाची तारीख तिथेच माझ्या नावावर होती आणि माझ्याच प्रोग्रॅममधून निघत नव्हती. सीतारामराव चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “घाल बाई ते तुझं बटण. पण तो शब्द नको हां.” “मग काय लिहू?” त्यांनी विचार केला नि म्हणाले, “‘तारीख मोकळी’ असं लिही.”

तासाभरात बटण झालं. पहिल्यांदा मीच दाबलं. पडद्यावर हळदीच्या अक्षरांत ‘तारीख मोकळी’ उमटलं आणि मला वाटलं, किती महिन्यांनी पोटभर श्वास घेतेय. संध्याकाळी तिरुवैयारूच्या कुणा मुलीसाठी ती तारीख गेलीसुद्धा. सुखी होवो बिचारी.

तर रजेचं उत्तर. रजा काढ. लग्न नाही म्हणून बहिणीकडे येऊ नये असं थोडंच आहे! रागावणार असशील तर इथे येऊन, समोर बसून रागाव. मी ऐकून घेईन. बरं मात्र म्हणणार नाही.

तुझी,
आणि बारशाला तूच कानात सांगितलेल्या नावाची,
हरिप्रिया