पाट्यांवरचे संत

२९ ऑगस्ट
वरची खोली यंदाही फुटबॉलवाल्याला दिली. कॉलेजने फार गळ घातली म्हणून. मला सोबतीची गरज नाही. मुलाचं नाव डेव्हन क्विग्ली, नेब्रास्काचा, वय सव्वीस. हुद्दा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना पोरांनी काय करायचं ते ठरवणारा. ऐकायला राजदूतासारखं वाटतं. सेंट लुडमिला कॉलेजात याच हुद्द्यात टीमचे घामट कपडे धुणं, मैदानावर पांढऱ्या रेघा मारणं आणि बस चालवणंही येतं.
निश्चय: कामापुरतंच बोलायचं. याच्या आधीचे तिघे होतकरू होते. तिघेही वर्षभरात मोठ्या कॉलेजांत पळाले.

७ सप्टेंबर
निश्चय पाळते आहे. पण जेवायला वाढताना माणूस मुका राहू शकत नाही. डेव्हन मिठाची बाटली, काटे आणि चमचे मांडून मला खेळी समजावत होता. मला फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही. फक्त एवढंच म्हटलं की तो डावीकडचा काटा मोकळा राहिलाय. तो माझ्याकडे बघतच राहिला.

१४ सप्टेंबर
हरलो. कारण उघड आहे. मैदानाच्या कडेला राखीव पोरं चित्रांच्या पाट्या उंच धरतात. त्या पाहून कोल्टनने, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळी सुरू करणाऱ्या आमच्या क्वार्टरबॅकने, कोणती खेळी करायची ते ओळखायचं. डेव्हनची चित्रं काय, तर पिझ्झा, बदक, ट्रॅक्टर, टोस्टर! कोल्टनने बदक पाहिलं आणि टोस्टरची खेळी केली.
मी विचारलं, बदकाचा आणि खेळाचा संबंध काय? म्हणाला, "संबंध नाही हाच तर मुद्दा आहे, बाई. संबंध असला तर समोरच्यालाही कळेल." अडतीस वर्षं भूमिती शिकवली. असलं तर्कशास्त्र वर्गात चालू दिलं नसतं.

१५ सप्टेंबर, रविवार
चर्चमध्ये सुचलं. (प्रवचन ऐकत होतेच.) संत! आमची पोरं कॅथलिक शाळांतून आलेली. संत त्यांना झोपेतही ओळखू येतात.
ख्रिस्तोफर: लेकराला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. म्हणजे चेंडू घेऊन पळा.
कुपर्टिनोचा जोसेफ: प्रार्थनेत हवेत तरंगायचा. म्हणजे लांब पास.
डेनिस: मुंडकं छाटल्यावर ते स्वतःच उचलून चालू लागला. म्हणजे क्वार्टरबॅकने स्वतःच पळायचं.
पीटर: तीनदा 'मी नव्हेच' म्हणाला. म्हणजे हूल.
आणि लॉरेन्स. जाळीवर भाजत असताना म्हणाला, ही बाजू झाली, आता पलटा. म्हणजे एका बाजूला धावत जाऊन अचानक उलटीकडे.
चित्रं मीच काढायला घेतली. मुंडकं छान जमलं.

१७ सप्टेंबर
डेव्हन आढेवेढे घेत होता. मी सरळ मुख्य कोच बड कोनेककडे गेले. बड माझा जुना विद्यार्थी. त्याने डेव्हनला सांगितलं, "बाई म्हणतायत तर कर बाबा. मी त्यांना 'नाही' म्हटलं ते शेवटचं नववीत. नववी दोनदा केली." तुला काटकोन कळत नव्हता म्हणून दोनदा केलीस, अशी दुरुस्ती मी तिथल्या तिथे केली.

२१ सप्टेंबर
एक्केचाळीस गुण! समोर लुथरन कॉलेज होतं. ही प्रोटेस्टंट मंडळी संत मानत नाहीत, ओळखणार कुठून? त्यांचा कोच पाट्यांकडे असा बघत होता, जणू आम्ही सामना सोडून नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना मांडलाय. कोल्टन एकदाही चुकला नाही.
डेव्हन रात्री म्हणाला, "बाई, तुम्ही जिनिअस आहात." मी म्हटलं, ताट पुसून ठेव.

१९ ऑक्टोबर
लुथरन झाले, मेथडिस्ट झाले, आज प्रेस्बिटेरियन. सगळ्या प्रोटेस्टंटांना धुतलं. माझी पद्धत अभेद्य आहे.

२३ ऑक्टोबर
इंटरनेटवर कुणीतरी छोट्या कॉलेजांतले होतकरू ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर निवडलेत. डेव्हन नववा. त्याच्या 'कल्पकतेची' तारीफ आहे. संतांचा उल्लेख नाही. माझा तर नाहीच. मी मनाला लावून घेतलं नाही. मजकूर फक्त चारदा वाचला.

३० ऑक्टोबर
बड या वर्षी निवृत्त होतोय. शेवटचा सामना मर्सी हिलशी. तो जिंकलो तर आपल्या गटाचं विजेतेपद, आणि मग विश्वस्त बडची खुर्ची डेव्हनला देणार. स्वतः बड सांगून गेला. म्हणजे मुलगा कुठेही जाणार नाही. कॉलेजच्या हिताचं आहे. माझा काय संबंध? वरच्या खोलीला नवे पडदे शिवायला घेतले. जुने विटले होते.

४ नोव्हेंबर
एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस डेव्हनची चौकशी करायला आला. डेव्हन मैदानावर रेघा मारत होता. पाहुण्याला कॉफी दिली, जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे गोड पाव दिले. मुलगा कसा आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, सोन्यासारखा आहे, हल्ली औषधंही वेळेवर घेतो. कसली औषधं, हे त्याने विचारलं नाही. सर्दीची होती. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. दुसरा कोलाचे न खाताच उठला.

१२ नोव्हेंबर
जेवताना डेव्हनने विषय काढला. "बाई, मर्सी हिलवाले कॅथलिक आहेत. मी परत बदक लावतो." मी म्हटलं, खुशाल लाव. शनिवारी कोल्टन पुन्हा टोस्टर करेल, आणि तुझी खुर्ची जाईल. मर्सी हिल मला ठाऊक आहे. नन्सचं मुलींचं कॉलेज होतं. मुली मिळेनात तेव्हा मुलगे घेतले, आणि मुलगे यावेत म्हणून फुटबॉल आणला. तिथे माझी वर्गमैत्रीण सिस्टर बर्नार्डा आहे. धर्मशिक्षणात दरवर्षी दुसरी. पहिली कोण ते लिहायला नको. आता म्हणे पँट घालते आणि चर्चमध्ये मिस्साच्या वेळी गिटार वाजवते. असल्या बायकांना संत ओळखू आले तर मी नाव बदलीन.
डेव्हनने ऐकलं. शहाणा आहे.

१६ नोव्हेंबर
२१-२४. हरलो.
सुरुवात आमची होती. सात-शून्य. मग मर्सी हिलच्या बाकामागे एक म्हातारी उठली, काठी टेकत कठड्यापाशी आली आणि त्यांच्या कोचच्या कानाशी वाकली. बर्नार्डा.
त्यानंतर जोसेफची पाटी वर गेली की बर्नार्डा आकाशाकडे बघायची. डेनिस दिसला की गळ्यावरून बोट फिरवायची. लॉरेन्सला तर तिने तळहात असा उलटा केला, जशी काही धिरडं पलटतेय, आणि त्यांची अकरा पोरं आमच्याआधी उलट्या बाजूला जाऊन उभी! बाकीच्या नन्स टाळ्या पिटत होत्या. लाज नाही.
शेवटी मला गाठून म्हणाली, "ल्युसील, मुंडकं घेतलेला डेनिस फुटबॉलच्या मैदानात आणणारी बाई जगात एकच आहे गं. मला वाटलं, मुद्दाम माझ्यासाठीच पाठवलास." मी म्हटलं, तू पोरांच्या खेळात नाक खुपसतेस, कन्फेशनला जा. "कालच जाऊन आले," म्हणाली, "आता महिनाभर मोकळी."
दोष वाऱ्याचा. आणि पाट्या एवढ्या उंच धरायला कुणी सांगितलं होतं?
डेव्हन रिकामी बस लावून उशिरा आला. मी सूप गरम केलं. अर्धं झाल्यावर म्हणाला, "चित्रं मात्र छान होती, बाई." त्याने ओरडायला हवं होतं. हल्लीच्या मुलांना रागावताही येत नाही.

२१ नोव्हेंबर
विश्वस्तांनी खुर्ची बाहेरच्याला दिली. नवा कोच आपली माणसं घेऊन येणार. तशी रीतच आहे. म्हणजे डेव्हनची नोकरी महिनाअखेर संपली. मोठ्या विद्यापीठाकडून पुढे काही आलं नाही. का कोण जाणे.
काळजीचं कारण नाही. मी सगळी योजना केली आहे. हायस्कूलमध्ये भूमितीची जागा आहे, तो परीक्षा देईल, मी शिकवीन. भाडं नको. त्याला सांगितलं. म्हणाला, "बाई, मला काटकोन कळतो, पण मला कोच व्हायचंय." बघू. उत्साह ओसरेल.

३ डिसेंबर
मर्सी हिलच्या कोचचा डेव्हनला फोन. मी पायऱ्या पुसत होते, म्हणून ऐकू आलं. फोनवरचा तो कोच मोठमोठ्याने हसत होता. "अरे, सात-शून्यनंतरची तुझी प्रत्येक खेळी आम्हाला आधी कळत होती. तरी दोनदा आमच्या गोलरेषेपलीकडे घुसलास! तुझी ही करामत कळलेले जगात आम्हीच. ये आमच्याकडे."
म्हणजे माझ्या संतांमुळेच याची हुशारी दिसली. माझी पद्धत यशस्वी झाली, असंच म्हणावं लागेल. डेव्हनला तसं सांगितलं. त्याने मला मिठी मारली. हातात ओलं फडकं होतं, त्याचा शर्ट भिजला.

१४ डिसेंबर
गेला. नव्वद मैल. राहायला जागा कॉन्व्हेंटच्या पाहुण्यांच्या खोलीत. कपाटातले नवे पडदे काढून धुवायला टाकले. एकदाही न वापरता कसे मळले कळत नाही.
निश्चय: फुटबॉल बंद. मर्सी हिलमधल्या कुणाशी एक शब्द बोलायचा नाही.

१५ डिसेंबर, रविवार
बर्नार्डाचा फोन. मी मुद्दाम थंडपणे 'हॅलो' म्हटलं. रडकुंडीला आली होती. "अगं, हा मुलगा खातो तरी काय? काहीही विचारलं की 'चालेल, सिस्टर' म्हणतो आणि ताटात तसंच ठेवतो." शत्रूला माहिती द्यायची नाही, हे ठरलेलंच होतं. म्हटलं, लिहून घे. मिरपूड कमी. सामन्याच्या दिवशी सकाळी काही खात नाही, बळजबरी करू नकोस. हरला तर सूप दे, आणि गिटार वाजवू नकोस.
"आणि जिंकला तर?"
जिंकला तर काटे-चमचे मांडून बोलत बसतो, म्हटलं. मध्येच उठू नकोस.