बसकी गाडी विकणार नाही, याबद्दल

ती. रावजीमामा यांस,

प्रणालीचा कमरेतून वाकून नमस्कार (हल्ली वाकायची सवय झाली आहे, कारण पुढे येईल). तुमची शुगर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आई, बाबा आणि गाडी तिघेही सुखरूप आहेत. फोनवर "हॅलो"नंतर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र लिहून उद्या रेवसच्या लाँचने मुंबईला येणाऱ्या गणराजदादाच्या हाती देते आहे.

तुम्ही रविवारी भावेश नावाच्या गिऱ्हाइकाला घेऊन गाडी न्यायला येणार, असा निरोप मिळाला. गाडी मिळणार नाही. हे मी आदर राखून, पण ठामपणे लिहिते आहे. तुमच्या शेटच्या मुलाने, अनीशने, परदेशी जाताना ती लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार विकायला काढली, तेव्हा "स्कूटर घे, पोरी" असं तुम्ही म्हणाला होतात, हे मान्य. अनीशने मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्यात, त्यामुळे गाडी जमिनीला चिकटून धावते आणि वळणावर जराही झुकत नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतं. (वळणं आमच्याकडे भरपूर आहेत. दोन वळणांच्या मधे काय असतं, ते तुम्ही सांगितलं नाहीत.) पण मामा, आपल्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि स्टीअरिंगला हात लावणारी बाईही मीच पहिली. शाळेत मी मुलींना सांगते की कुणाच्या मागच्या सीटवर बसून जगू नका. माझ्या गाडीला तर मागची सीटच नाही. याहून चांगलं उदाहरण मी कुठून आणू?

आता गतिरोधकांचं. आपल्या गावात सरकारी गतिरोधक एकही नाही, सगळे घरगुती आहेत. ज्याच्या दारात जे चिरडलं, त्याने त्याच्या नावाने सिमेंटचा उंचवटा घातला. म्हणून पहिला कोंबडीचा, दुसरा धर्माजीकाकांच्या बकरीचा, आणि वळणावरचा सगळ्यात उंच, तो क्रांतीवहिनीच्या सासऱ्यांचा. (सासरे हयात आहेत. नुसते सायकलवरून पडले होते.) माझी गाडी कोंबडीवर खरवडते, बकरीवर किंचाळते आणि सासऱ्यांवर बसकण मारते. थळहून मासे घेऊन येणाऱ्या गोदूमावशींनी एकदा हे पाहिलं आणि पाटी उतरवून म्हणाल्या, "अगो पोरी, होरी वाळूवर कशी घेतांव आमी? फल्या टाक ना!" तेव्हापासून जुन्या होडीच्या दोन फळ्या गाडीत असतात (म्हणजे अर्ध्या गाडीत, अर्ध्या आईच्या मांडीवरून खिडकीबाहेर). उतरायचं, फळ्या लावायच्या, गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा उतरायचं, फळ्या उचलायच्या. मागे एसटी हॉर्न देत असते. पण स्वावलंबन म्हणजे आणखी काय असतं?

तरीही मी प्रश्न सनदशीर मार्गाने सोडवायचा ठरवला आणि ग्रामसभेत उभी राहिले. उंचवटे नियमापेक्षा किती जास्त उंच आहेत, ते टेप लावून मोजलेले आकडे वाचले. मग धर्माजीकाका उठले, माझ्याच हातातली टेप घेतली, बाहेर जाऊन गाडीचं पोट जमिनीपासून मोजलं, आणि एकमताने ठरलं की उंचवटे बरोबर आहेत, गाडीच बसकी आहे. (एकमताने म्हणजे माझं मत सोडून. बाबा त्या वेळी खाली वाकून चप्पल शोधत होते.)

तुमच्या कानावर गेलं ते यानंतरचं. आईला गुडघ्यासाठी अलिबागला नेत होते आणि घाईत फळ्या अंगणातच राहिल्या. सासऱ्यांवर गाडीने पुढची चाकं उतरवली आणि मागची चढेनात, पोट मधोमध टेकलेलं. मी उतरले. आईला उतर म्हटलं, तर ती "न्हाय" म्हणाली आणि समोर बघत राहिली. शेवटी गावातल्या माणसांनी खाली हात घातले, एक आरोळी दिली, आणि पदर सावरून बसलेल्या आईसकट गाडी उचलून पलीकडे ठेवली. "सोनाबाईची पालखी निघाली!" असं कुणीतरी ओरडलं, हे खरं. क्रांतीवहिनीने नारळ फोडला, हेही खरं. कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ भाऊच्या धक्क्यापर्यंत पोचला आणि घराची अब्रू गेली, असं तुमचं म्हणणं. मामा, अब्रू जमिनीपासून किती उंच असावी, असा नियम मला कुठेही सापडला नाही.

तेव्हा गाडी विकणार नाही, बदलणार नाही आणि बोटभरही उंच करणार नाही. वाकायचंच असेल तर या वेळी रस्त्याने वाकावं. मामींना नमस्कार, आणि चहात साखर घालू नका.

तुमची (न वाकणारी) भाची,
प्रणाली

ता. क. : अनीशने काढलेल्या मूळच्या उंच स्प्रिंगा तुमच्या माळ्यावर गोणपाटात आहेत ना? गणराजदादाबरोबर गुपचूप पाठवून द्या. हा तत्त्वाचा प्रश्न नाही, आईच्या गुडघ्याचा आहे. सगळ्यांसमोर गुडघे धरून उठावं लागेल, या लाजेने त्या दिवशी ती उतरली नसावी, आणि ते माझ्या मनातून जात नाही. घरात कुणाला बोलू नका.

आणखी एक : पाकीट चिकटवायच्या आधी आईने पत्र वाचून दाखवायला लावलं. (ता. क. गाळणार होते, पण काही गाळून वाचताना मी अडखळते, हे तिला मी पहिलीत असल्यापासून माहीत आहे.) तिचा निरोप जसाच्या तसा: "रावज्या, त्या स्प्रिंगा पाठवशील तर बघ! एसटीची पायरी माझ्याच्यानं चढवत न्हाय, जीपमधी चढवत न्हाय. ही गाडी कशी, पाटावर बसल्यावानी बसाया येतं. आन् लाज कसली? जलमभर मी भाताचे भारे उचलले. एक दिस गावानं मला उचललं, त गाव काय झिजला?"

तेव्हा स्प्रिंगा माळ्यावरच राहू द्या. भावेशला मात्र रविवारी जरूर आणा. धर्माजीकाकांची कंबर धरली आहे, उचलायला एक माणूस कमी पडतो आहे.