आक्काआत्याची बाटली

नाशिक, ता. १२ जानेवारी २०२५

ती. आक्काआत्या हिस,
पायलचा सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. निवृत्तीमामांनी मनमाडहून बर्फात घालून आणलेली तुझी थुंकी आम्ही कॉलेजात तपासली. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. पण कुठले वाढलेत ते बघून हिरड्या सुजणार का, हे आधीच सांगायचं, हेच माझं संशोधन. तुझ्या थुंकीत नको तेच वाढलेत गं. हिरड्या सुजतील, दात हलतील, त्यात तुला शुगर. माझं कशात लक्ष लागत नाही.

तिकडच्या दातांच्या डॉक्टरांना मात्र रक्त दिसलं नाही, हिरड्या घट्ट दिसल्या. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, म्हणजे माझी चाचणीच चुकली. चुकली असेल तर पेढे वाटीन! पण मला तसं वाटत नाही. खात्रीसाठी मामांबरोबर आणखी एक बाटली पाठव. एकदा नाशिकला ये ना.

तुझ्या मायेवर वाढलेली,
पायल

मनमाड, ता. १६ जानेवारी

चि. पायल हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचून आमचे हे, तुझे मामा, घाबरले, मी हसले. अगं, माझ्या दातांतून आजवर रक्ताचा थेंब आला नाही. पेरू अजून दातांनी फोडते. एक दाढ जराशी हलते, ते वयाचं. तुझं मशीनच बिघडलं असेल, तेलपाणी कर त्याला.

आणि तू सांगितलंस तसंच केलं बाई. चहा नाही, ब्रश नाही. फक्त मिश्री लावली, चूळ भरली आणि मग बाटलीत थुंकले. आजची दुसरी बाटलीही तशीच. पारोशा तोंडाची थुंकी कॉलेजात पाठवू होय? माझी आजी सांगायची, आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं बांधायचे, थुंकी पडून रस्ता बाटू नये म्हणून. आज तीच थुंकी कॉलेज बर्फात घालून मागवतंय, माझी भाची तपासतेय. मग ती घाण कशी देऊ? मला लाज नाही का?

जेवत जा वेळेवर. काळजी करून वाळू नकोस.

तुझी,
आक्काआत्या

नाशिक, ता. १९ जानेवारी

ती. आत्या,
जयभीम.

मिश्री! अगं, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच! डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं तेव्हा तू ठणकावून नाही म्हणालीस ना? तिनेच तुझं रक्त दाबून धरलंय. आत सूज असली तरी रक्त येत नाही, म्हणून ते फसले. आणि हलणारी दाढ वयाची नाही.

मी भयंकर चिडलेय, आणि मडक्याचं वाचून रडलेही. आजपासून मिश्रीची डबी बंद. सोडल्यावर रक्त येईल. घाबरू नकोस, सरळ निघून ये. दोन्ही बाटल्या मॅडमनी बाद केल्या. मिश्री सुटली की नवी दे, चूळही न भरता. माझ्यापुढे कसली लाज?

रागावलेली, तरी तुझीच,
पायल

मनमाड, ता. ६ फेब्रुवारी

चि. पायल,
अनेक आशीर्वाद.

डबी मामांनी रुळांपलीकडे भिरकावली. आधी तलफेने डोकं नुसतं फुटत होतं. मामांना वाढताना भांडी आपटायचे. काल पेरू चावला आणि त्यावर रक्त! आज उशीवरही आहे. तू खरं बोललीस पोरी. तुझं मशीन शहाणं निघालं, आत्या येडी. लय भीती वाटतेय गं. सगळे दात जातील का?

सोमवारच्या गाडीने येतेय. बाटली या वेळी मामांकडे देणार नाही, मीच आणीन. चूळ न भरता थुंकायचं ठरवलंय, पण आजी आठवते आणि मन मागे सरतं. तरी करीन.

तू हातमोजे घालून बाटली घेशील, ते तुझं कामच आहे, कळतं मला. पण ते घालायच्या आधी एकदा आत्याला जवळ घे.

वाट बघ,
आक्काआत्या