गजकर्णावरच्या गोळ्या

हसनाबाद, ३ सप्टेंबर १९७४

चि. संपतला मालनताईचा जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि.
आम्ही बरे आहोत. माझं कंबरेचं गजकर्ण तुला ठावं हाय. बाजारच्या डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्याला वरीस झालं. खाज बिलकुल थांबली, पण चट्टे पाठीवर चढले. तोंड भाकरीवानी गोल झालं. सासूबाई म्हणतात, सून बाळसं धरून राह्यली. तू दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून एक गोळी पाकिटात घातली. बघून सांग. माया पातळ करू नको.
तुझी ताई

औरंगाबाद, ९ सप्टेंबर

ती. ताईस संपतचा सा. जयभीम. वि. वि.
गोळी ओळखली. मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात, त्यांच्या रसासारखं हे औषध. ते अंगातली आग निजवतं, पण गजकर्णाची बुरशी मोकळी सुटते. तोंडाची सूजही त्याचीच, बाळसं कसलं? आजपासून एकही गोळी घेऊ नकोस. दाजींना पत्र वाचून दाखव. मलम पाठवतो. इथे मला अर्धा डॉक्टर म्हणतात, तू पाव तरी मान.
तुझा संपत

हसनाबाद, १६ सप्टेंबर

चि. संपतला आशीर्वाद.
पत्र आलं त्याच दिवशी गोळ्या सोडल्या. आता अंग उचलत न्हाई. उठलं की अंधारी, कालपासून उलट्या. चट्टे पेटलेत. सासूबाई म्हणतात, खुरपणी टाळायला सोंग करून राह्यली. तुझे दाजी म्हणतात, शिकलेल्या भावाचं ऐकायचं. मी ऐकून राह्यले. मलम पोचलं. तब्येतीला जप.
ताई

औरंगाबाद, १९ सप्टेंबर

ताई,
तुझं पत्र मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते फार संतापले. वर्षभर गोळी घेतली की त्या ग्रंथी आपलं काम विसरतात. एकदम सोडली तर जिवावर बेततं, हळूहळू कमी करायची असते. मला हे ठाऊक नव्हतं. वाचताक्षणी गोळी घे आणि मिळेल त्या एसटीनं इकडे ये. चिठ्ठी कंडक्टरजवळ देतो आहे.
संपत

हसनाबाद, २१ सप्टेंबर

संपतराव यांस दाजी कडूबाचा जयभीम. वि. वि.
तुमची ताई काल सकाळी गेली. माती देऊन परतलो, तवा कंडक्टर चिठ्ठी घेऊन दारात उभा होता. आदल्या दिवशी ताप चढला, मंग हातपाय गार पडले. तिनं दोनदा गोळी मागितली. डबी फळीवरच होती. मी तुमचं पहिलं पत्र तिच्यापुढं धरलं अन् दिली न्हाई. मंग तिनंही मागितली न्हाई. म्हणाली, संपतचं बराबर असंल.
कडूबा