बाहीवरचा हिरवा रंग

बुधवार, संध्याकाळी सहा

आज मंजुनाथला जामीन मिळाला. पेढे खायचे सोडून मी स्वतःवरच चिडलेय. चिडलेय म्हणजे, हसू पण येतंय.

वकील परवडत नाही म्हणून कोर्टाने त्याला मोफत दिलेली वकील मी. तीन वेळा भेटले, तिन्ही वेळा कानडीत एकच विचारलं, "स्कूटर चोरीला गेली त्या दुपारी कुठे होतास?" तो आपला गप्प. बाहीवर हिरव्या रंगाचा डाग. तोही तिन्ही वेळा पाहिला मी.

आज जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसाशेजारी बसला होता. मी डबा उघडला आणि सवयीने विचारलं, "ऊटा आयता?" जेवलास का, एवढंच. त्याचे डोळे भरले. म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोर्टाचंच माणूस ना? तुम्हाला सांगितलं तर पोलीस अम्मांच्या दारात जातील, म्हणून बोललो नाही."

अम्मा म्हणजे कुवेंपुनगरात एकट्या राहणाऱ्या एक आजी. त्या दुपारी हा त्यांचं गेट हिरवं रंगवत होता! फोन केला, तर दारावरच्या कॅमेऱ्यातलं फुटेज घेऊन त्या स्वतःच ऑटोने आल्या.

पुरावा त्याच्या बाहीवर, आणि मी बसले कागद चाळत. जेवणाचं आधीच का नाही विचारलं? आमचे अप्पा तर दूधवाल्यालाही विचारतात.

जामीन होताच अम्मा त्याला म्हणाल्या, "गेट अर्धंच राहिलंय. आज घरी जाऊन जेव, झोप. उद्या नऊला ये."