कडीवरचा हात

आई,
तुला वाकून नमस्कार. मी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी अभ्यास करते की नुसतीच आरशासमोर?

लग्नाआधी तू मावशीबरोबर कादंबरीकाराच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला होतास ना, त्याचीच जुनी फीत सध्या माझ्या हातात आहे. एकेक चित्र कापसाने पुसतो. धूळ नको म्हणून खिडक्या बंद, आणि चोरीची भीती म्हणून दाराला बाहेरून कुलूप. आत चोरण्यासारखं काय, तर मी!

पासपोर्ट मालकांनी जपून ठेवलाय, काळजी करू नकोस. काम संपलं की देणार आहेत. पण एक संपायच्या आत ते दुसरं आणून ठेवतात.

सिनेमातला प्रकाशकही तसलाच. कादंबरी पुरी होईपर्यंत त्या बिचाऱ्याला खोलीत कोंडतो. एक दिवस तो लिहिता लिहिता उठतो, दाराच्या कडीला हात घालतो आणि तिथेच फीत संपते. शेवटचं रीळ हरवलंय.

हे पत्र जेवण आणणाऱ्या बाई टाकतील, उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर पाठव. तू शेवटपर्यंत पाहिला होतास ना? तो बाहेर पडला का, तेवढं कळव.

नसेल पडला, तरी पडला असंच लिही.

तुझा,
थोरला